स्केल नसलेला फोटो

विजू, टेम्पोवाला उद्या सकाळी दहाला येणार आहे. तुझी तेवीस चित्रं बैठकीच्या भिंतीला टेकवून ठेवली आहेत. बावीस पुठ्ठ्यात आणि जुन्या चादरींत गुंडाळून झाली, चौदावं तेवढं उघडं आहे. आज दिवसभरात मी ते तीनदा भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि तीनदा परत वळवलं. आता दुपारचे साडेतीन झालेत.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. लोक येतात, "बड़ी नेक थीं" म्हणतात, चहा घेतात आणि जातात. माझ्याशी काय बोलावं ते त्यांना कळत नाही, कारण मी रडत नाही आणि धड बोलतही नाही. मी घाबरलोय, हे त्यांना कसं कळणार? बायको गेली की माणूस दुःखात असतो एवढंच सगळ्यांना ठाऊक. दुःख आहेच. पण त्याच्या पुढ्यात भीती उभी आहे आणि ती त्याला पुढे येऊ देत नाही.

गार्गी गुरुग्रामहून रजा काढून आली आहे. प्रदर्शन पुढे ढकलू या, असं मी तिला म्हणून पाहिलं. तुझ्याच पोटची ती. "बाबा, मम्मी ने दो साल लगाए हैं इसमें. हॉल बुक है, कार्ड बँट चुके हैं. होगा." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. यावरून तू किती चिडायचीस, आणि चिडून झाल्यावर स्वतःच तिच्याशी हिंदीत भांडायचीस. तुझ्या निळ्या फायलीतली यादी तिलाच सापडली. प्रत्येक चित्राचा नंबर, माप, कागद कुठला, काय काय वापरलं, आणि खालच्या कार्डावर कोणता मजकूर टाकायचा, सगळं तुझ्या अक्षरात. चौदा नंबरपुढे फक्त दोन शब्द: "मजकूर यांच्याकडून."

"'यांच्याकडून' मतलब आप ही ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. "तो लिख दीजिए ना. दो लाइन की तो बात है."

दोनच ओळी आहेत, ते खरंच.

तुझ्या चित्रांची सुरुवात माझ्या लॅबमध्ये झाली, हे श्रेय मी चारचौघांत नेहमी घेत आलो. शहराबाहेर चिनहटच्या औद्योगिक भागातली ती छोटी खाजगी लॅब. कारखान्यांतून तुटलेले भाग यायचे आणि ते का तुटले हे मी सांगायचो. आमचा फोटोग्राफर नोकरी सोडून गेला तेव्हा तुझ्याकडे कॅमेरा होता, मिरजेत लग्नाआधी केलेला फोटोग्राफीचा कोर्स होता, आणि गार्गी शाळेत जायला लागल्यामुळे दिवसाचे पाच तास होते. पहिल्या दिवशी मी तुला समोर बसवून तीन नियम सांगितले. तुटलेल्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. फोटोत शेजारी स्टीलची सहा इंची स्केल असलीच पाहिजे, नाहीतर भेग केसाएवढी की हाताएवढी ते कळत नाही, आणि असा फोटो आपण पुरावा म्हणून धरत नाही. आणि तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा: दोन तुकडे एकमेकांत बसवून बघायचे नाहीत. बसवले की ते एकमेकांवर घासतात आणि भेग कुठून निघाली ते सांगणाऱ्या बारीक खुणा पुसल्या जातात. एकदा पुसल्या की गेल्या.

"पण मोह होत असेल ना?" तू विचारलंस. "काहीही तुटलं की माणूस आधी जोडूनच बघतो."

"होतो. म्हणून तर नियम आहे," मी म्हणालो, मोठा शहाणा.

तू नियम पाळलेस, आणि जरा जास्तच पाळलेस. स्केल घरी आली. आमच्या आईच्या टाचेच्या भेगांचा फोटो, शेजारी स्केल. गार्गीच्या सोललेल्या गुडघ्याचा फोटो, स्केलसकट, आणि ती रडतेय ते राहू दे बाजूला, आधी उजेड नीट येतोय का ते बघतेस. वाढदिवसाच्या केकच्या फोटोतही स्केल होती. माझा मेहुणा म्हणाला, "ताई, केक सहा इंची निघाला, आता रिपोर्ट दे." आई मात्र त्या टाचेच्या फोटोवर खूश होती. वर्ध्याला फोन करून बहिणीला सांगत होती, सुनेने माझ्या पायाचा फोटो काढला, चेहऱ्याचा काढत नाही मेली.

मग एक दिवस तू लॅबमधली बाद झालेली एक प्रिंट मोठ्या जाड कागदाच्या मध्यभागी चिकटवलीस. तुटलेल्या बेअरिंगचा फोटो होता. फोटोच्या कडेला भेग संपते, तिथून पुढे तू कोळशाने ती रेघ कागदावर चालवत नेलीस, पार कोपऱ्यापर्यंत. मी म्हणालो, चांगला फोटो खराब केलास. तू म्हणालीस, "फोटोत भेग थांबलेली असते. ती पुढे कुठे निघाली होती ते मला बघायचंय." मला हे बोलणं हास्यास्पद वाटलं होतं. भेग कुठेही निघालेली नसते, ती ताणाच्या दिशेने जाते, आणि ताण मोजता येतो. अर्धा तास मी तुला ते समजावत बसलो होतो. तू ऐकून घेतलंस, आणि तेवढ्यात काजळाची डबी आणून कोळशाची रेघ आणखी काळी केलीस.

आपलं भांडण हेच होतं, नाही का? वर्षानुवर्षं एकच. मी म्हणायचो फोटो हा पुरावा, त्याला हात लावायचा नाही. तू म्हणायचीस, पुरावा कुणाला द्यायचाय? काढ्यासारखा उकळलेला चहा, हळदीचं पाणी, आईच्या फाटक्या लुगड्याचा धागा, सगळं तू त्या फोटोंवर चढवलंस. आईच्या टाचेचं चित्र मात्र मलाही आवडलं होतं. भेगांतून तू सुईने शिवत गेली होतीस, नऊवारीच्या काठाच्या धाग्याने. मी ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो, आवडलं होतं.

आता त्या दिवसावर येतो. उगाच इकडचं तिकडचं सांगत बसलो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. साखर कारखान्यातल्या एका पंपाचा शाफ्ट, तो फिरणारा पोलादी दांडा, मधोमध तुटून आला होता. ऐन गाळपात कारखाना दोन दिवस बंद पडलेला, तेव्हा कुणाचं तरी डोकं उडायला हवं होतं. शाफ्टची झीज झालेली जागा काही महिन्यांपूर्वी एका वेल्डरने भरून दिली होती. कारखान्याच्या मॅनेजरला खात्री होती की वेल्डिंग चुकलं. तुकडे टेबलावर होते, हातभर लांबीचे, पेल्याएवढे जाड. तू उजेड तपासायला एक फोटो काढलास, नुसता अंदाज घ्यायला. स्केल खणात होती. तू ती काढायला वळलीस आणि मी बाहेरून फोनवर बोलत आत आलो. मॅनेजर कानात ओरडत होता. मी फोन मानेत धरला, दोन्ही तुकडे उचलले आणि एकमेकांत बसवले. बसवून किंचित फिरवलेही. खर्र असा आवाज आला.

विजू, मी आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच मी माझ्या हाताने केलं. का केलं? तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस तेच कारण. दुसरं नाही.

तू स्केल हातात घेऊन उभी होतीस. मी तुकडे खाली ठेवले. पृष्ठभागावर एक चकचकीत पट्टा उमटला होता. मी म्हणालो, "आता स्केल ठेवून काढ." तू काढलेस. सगळे सात फोटो स्केलसकट, स्वच्छ, नियमाप्रमाणे, आणि एकाचाही उपयोग नाही. रिपोर्टात मी लिहिलं, नमुना लॅबमध्ये आला तेव्हाच पृष्ठभाग घासलेला होता, त्यामुळे भेगेचा उगम निश्चित करता आला नाही, दुरुस्तीचं वेल्डिंग हे संभाव्य कारण. खाली सही. मला कुणी गळ घातली नव्हती, दमही दिला नव्हता. साधी लाज होती. सबनीस साहेबांनी तुकडे जोडून बघितले, हे माझ्या हाताखालच्या चार पोरांना कळेल, याची लाज.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तू विचारलंस, "अहो, तो पहिला फोटो?"

"त्यात स्केल नाही. तो धरता येत नाही."

तू पोळी उलटलीस. महिन्याभरात तू लॅबचं काम सोडलंस, डोळ्यांना ताण पडतो म्हणालीस, आणि मी ते मानून घेतलं, कारण मानून घेणं सोयीचं होतं.

त्यानंतर तुझी चित्रं बदलली. तेव्हा मला वाटलं, वयाने बदलली. आधी तुझ्या रेघा फोटोच्या बाहेर पळायच्या. आता त्या बाहेरून आत यायला लागल्या, उलट्या, भेग जिथून निघाली तिकडे. फोटोत स्केल दिसेना. त्याऐवजी तू हाताने स्केल काढायचीस, एक खूण मोठी, एक बारीक, एक वाकडी. "हा कुठला इंच?" मी चिडवायचो. "हा माझा," तू म्हणायचीस. दर गुरुवारी तू चिनहटला जायला लागलीस, गंज आणायला. एका वेल्डरच्या दुकानात ग्राइंडरखाली पडलेला लोखंडाचा चुरा तू पिशवीत भरून आणायचीस, मिठाच्या पाण्यात भिजवून प्रिंटवर पसरायचीस आणि गच्चीत वाळवायचीस. मग तू प्रिंटच त्याच्याकडे घेऊन जायला लागलीस. तो वेल्डिंग करत असताना ठिणग्या कागदावर पडतील अशी धरायचीस, आणि कागदावर तांबूस कडांची भोकं पडायची, राईएवढी. पहिल्यांदा तू ते घरी आणलंस तेव्हा घराला जळका वास येत होता आणि तू इतकी खूश होतीस की मी नाक मुरडायचंही विसरलो.

तो वेल्डर कोण, हे मला चार वर्षांनी कळलं. मराठी मंडळाच्या गणपतीत तू दोन चित्रं लावलीस, आणि खाली लिहिलं होतंस, "ठिणग्या: रामलखनजी, चिनहट." ते नाव मी शाफ्टच्या फायलीत टाइप केलेलं होतं. आरतीला सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. घरी येऊन दार लावल्या लावल्या मी विचारलं.

"तू मुद्दाम गेलीस त्याच्याकडे?"

"हो."

"काय सांगितलंस त्याला?"

"तुम्हीच विचारा ना त्याला," तू म्हणालीस आणि साडीच्या पिना काढायला आत गेलीस.

मी विचारलं नाही. सात वर्षं विचारलं नाही. तू त्याला सगळं सांगून टाकलंस असं मी धरून चाललो, आणि त्या धास्तीवर मी माझं वागणं बेतलं. चिनहटकडे जायचं झालं तर मी लांबचा रस्ता धरायचो. आपल्या फाटकाची बिजागरी तुटली, तेव्हा तू म्हणालीस, रामलखनजींना बोलावू, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, नको, मी बघतो. आणि मी ते तारेने बांधून टाकलं. तीन वर्षं झाली, फाटक तारेवर आहे. धातुशास्त्रातला एवढा मोठा तज्ज्ञ आणि दारात तार. गार्गीसुद्धा हसते.

गेल्या महिन्यात तू चौदावं चित्र दाखवलंस. खोलीचं दार लावून घेतलंस, खिडकीचा पडदा सारलास, आणि चादर काढलीस. मध्ये तो फोटो होता. पहिला. अकरा वर्षं तू तो जपून ठेवलास आणि मी तो एकदाही पाहिलेला नव्हता. मोठा करून, दाराच्या रुंदीचा. भोवती कोळसा, गंज, ठिणग्यांची भोकं, आणि सगळ्या रेघा चारी बाजूंनी येऊन एकाच जागी मिळालेल्या. ती जागा वेल्डिंगची नव्हती. ती दुसऱ्या बाजूला होती, चाक बसवायला शाफ्टमध्ये जी खाच कापतात तिच्या कोपऱ्यात. तिथे नखाएवढा गुळगुळीत डाग आणि त्याच्याभोवती पसरत गेलेल्या वर्तुळाकार रेषा. मला भिंगाची गरज नव्हती. चाळीस वर्षं मी तेच बघत आलो. कारखान्याच्या स्वतःच्या वर्कशॉपने खाचेचा कोपरा धारदार ठेवला होता आणि भेग तिथूनच निघाली होती. वेल्डिंग निर्दोष होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की चूक बहुतेक वेल्डिंगचीच असेल, आणि तेवढ्या "बहुतेक"वर मी झोपत होतो.

"हे लावायचंय," तू म्हणालीस.

"नाही लावायचं."

"का नाही ते सांगा. तेवढंच सांगा."

मग मी जे बोललो ते मला आता गिळता येत नाही आणि परत घेताही येत नाही. मी म्हणालो, "तुझ्या हौसेपायी माझी अब्रू जाऊ द्यायची का?" हौस. वीस वर्षांच्या कामाला मी हौस म्हणालो. तू चादर परत घातलीस. मी चपला घालून फिरायला गेलो, परत आलो तर तू नेहमीच्या आवाजात विचारलंस, चहा टाकू का. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी तू गेलीस. त्या दोन दिवसांत आपण गॅसच्या नंबराबद्दल बोललो, गार्गीच्या बदलीबद्दल बोललो, पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो. मी क्षमा मागायला हवी होती. माझ्याकडे दोन आख्खे दिवस होते.

तेराव्याला रामलखन आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. साठीचा, बारीक, भुवयांवरचे केस जळून विरळ झालेले. त्याने तुझ्या फोटोला हार घातला, हात जोडले, आणि जाताना फाटकापाशी थांबला. तार बोटाने हलवून बघितली. "साहब, ये गेट हम देख लेंगे किसी दिन," म्हणाला. मला वाटलं, टोमणा आहे. सगळं माहीत असून माणूस इतका सौम्य बोलतो म्हणजे तो प्रदर्शनाच्या दिवसाची वाट बघतोय. तू त्याला कार्ड दिलं होतंस. तो येणार आहे आणि चौदा नंबरपुढे उभा राहणार आहे.

म्हणून आज सकाळी मी चिनहटला गेलो. पश्चात्ताप वगैरे म्हणू नकोस. मला फक्त तो काय करणार आहे ते जाणून घ्यायचं होतं.

फैजाबाद रोडवरून आत एका गल्लीत त्याचं दुकान. खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं रस्त्यापर्यंत आलेली. आतल्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी तुझं एक चित्र, त्याच्या हातमोज्यांचं. त्याने ग्राइंडर बंद केला, गमछ्याने स्टूल पुसलं. "बैठिए साहब. आपने क्यों तकलीफ़ की, हम आ जाते."

मी म्हणालो, "मैडम ने आपको बताया ही होगा. शाफ्ट के बारे में."

"कौन सा शाफ्ट?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. नाटक नव्हतं ते. "वो चीनी मिल का. पंप वाला."

"अच्छा, वो. बताया तो नहीं कुछ. पूछती बहुत थीं." तो हसला. "हर दूसरे महीने पूछतीं, रामलखनजी, वो काम आपने कैसे किया था, फिर से बताइए. हम बताते, पहले गरम किया था, फिर राख में दबाकर धीरे-धीरे ठंडा किया था. वो लिख लेती थीं. हम सोचते, मैडम को ये सब लिखकर क्या करना है."

विजू, तू त्याला सांगितलं नव्हतंस. अकरा वर्षं दर गुरुवारी तू त्याच्या दुकानात बसलीस, त्याच्या ठिणग्या घेतल्यास, आणि त्याला सांगितलं नाहीस. मी त्या स्टुलावर बसून हिशेब करत होतो की आता हे जगात फक्त मला माहीत आहे. उठून घरी गेलो असतो, चौदावं चित्र वरच्या खोलीत ठेवलं असतं, तर कुणालाही कधीही कळलं नसतं. मी उठलोसुद्धा. खोटं कशाला बोलू, मी उठून उभा राहिलो होतो.

तेवढ्यात तो आपणहून म्हणाला, "उसके बाद हमने शाफ्ट हाथ में नहीं लिया, साहब. मिल वालों ने निकाला, वो तो ठीक है, काम और मिल जाता है. पर मन में बैठ गया. रोज़ सोचते थे, कहाँ चूके. कहीं जल्दी तो नहीं ठंडा कर दिया. अब बस यही ग्रिल, गेट."

मी परत बसलो आणि सगळं सांगितलं. माझी हिंदी इतक्या वर्षांत बरी झाली आहे असं तू म्हणायचीस, पण आज शब्द जुळेनात. तुकडे मी जोडले, पृष्ठभाग माझ्या हातून घासला, मी खोटं लिहिलं. त्याच्या आधीचा एक फोटो आहे, त्यात दिसतं, भेग खाचेतून निघाली. तुमचं काम बरोबर होतं.

तो बराच वेळ गमछ्याने हात पुसत राहिला. हात आधीच कोरडे होते.

"मैडम को मालूम था?"

"हाँ. पहले दिन से. वो चाहती थीं कि मैं बोलूँ."

"ग्यारह साल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "बोलने का क्या है साहब, आपने बोल दिया, हमने सुन लिया. लिखकर टाँगिए. वहीं, जहाँ सब लोग आएँगे."

मी म्हणालो, टाँगूँगा. निघताना का कोण जाणे, काहीतरी बोलायचं म्हणून मी फाटकाचा विषय काढला. कधी येणार म्हणून विचारलं. त्याने ग्राइंडर उचलला होता.

"गेट किसी और से करवा लीजिए," तो म्हणाला.

तू आज असतीस तर मी घरी येऊन तुझ्यावर चिडलो असतो. तू मला आधी का नाही सांगितलंस की त्याला माहीत नाही? सात वर्षं मला घाबरत का ठेवलंस? आणि तू म्हणाली असतीस, "तुम्ही विचारलंत कुठे." हे उत्तर मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की ई-रिक्षात शेजारी बसलेल्या बाईकडे मी वळून बघितलं.

मला तुझा राग येतो, विजू. तू मला अकरा वर्षं संधी दिलीस आणि मी ती घेतली नाही, याचा राग तुझ्यावर निघतो. तू एका वाक्यात मला उघडं पाडू शकली असतीस. त्याऐवजी तू माझी वाट बघत बसलीस, गंज वाळवत, रेघा मागे मागे नेत. मी तुला भेगा बघायला शिकवलं असं मी लोकांना सांगत आलो. स्केल बाजूला ठेवल्यावर तू जे बघितलंस ते मला चाळीस वर्षांत बघता आलं नव्हतं. तू माझ्यापेक्षा चांगलं बघायचीस. हेही मी तुला सांगायला हवं होतं, निदान पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो त्याऐवजी.

आत्ता कार्ड लिहिलं. चारदा फाडलं. पहिल्यांदा मराठीत लिहिलं होतं, मग वाटलं, ते रामलखनला वाचता यायचं नाही. हिंदीत लिहिलं:

"इस शाफ्ट के दोनों टुकड़े मैंने जोड़कर देखे थे. सतह मेरे हाथ से घिसी और रिपोर्ट में मैंने झूठ लिखा. यह फोटो उससे पहले का है. दरार खाँचे के कोने से चली थी. श्री रामलखन की वेल्डिंग में कोई दोष नहीं था." खाली सही केली, पूर्ण नाव, आणि तेव्हाचा हुद्दा.

गार्गीने ते दोनदा वाचलं. "ये सच है, बाबा?" मी हो म्हणालो. तिला धक्का बसला. ती माझ्याकडे बघत नाही आहे आणि आज बघणारही नाही बहुतेक. पण तिने चौदावं चित्र उचललं, पुठ्ठा लावला, माझ्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि दोरीची गाठ मारली. कार्ड वरून टाचणीने लावलं, अक्षरं बाहेरच्या बाजूला.

उद्या दहाच्या आधी मला फाटकाची तार सोडून ठेवायला हवी, नाहीतर टेम्पो आत येणार नाही. तुझी स्केल माझ्या खणात सापडली. कार्डाच्या शेजारी ती ठेवावी असं क्षणभर मनात आलं, सवय म्हणून. मग खणातच राहू दिली. तुझा पहिला फोटो मी पुरावा म्हणून धरला, विजू. त्यात स्केल नाही.